ग्रीसमध्ये कॅटामरान घ्यायची तर आधी समुद्र ठरवा, बोट शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुणे, ठाणे आणि लंडन इथली तीन कुटुंबं, एकूण दहा माणसं. तीन जोडपी, सोळा-सतरा वर्षांची दोन मुलं, आठ वर्षांची एक मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. ऑगस्टमध्ये एक आठवडा कॅटामरान, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन सांगाड्यांची शिडाची बोट, भाड्याने घेऊन मिकोनोस-सँटोरिनी करायचं आहे. एजंटाने लगून ४२ या मॉडेलची बोट सुचवली आहे आणि जाहिरातीत '१२ जणांची सोय' असं लिहिलं आहे. लंडनच्या चुलतभावाने आरवायए या ब्रिटिश नौकानयन संस्थेचा डे स्किपर कोर्स केलेला आहे, तेव्हा स्किपरचे, म्हणजे बोट चालवणाऱ्या भाड्याच्या कप्तानाचे, पैसे वाचवावेत का, हाही प्रश्न आहे.

मी उन्हाळ्यात ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर स्किपर म्हणून बोटी नेतो. अलीकडे त्यात मराठी मंडळीही बरीच असतात, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. लगून ४२ ही चांगली बोट आहे. पण तुम्ही निवडलेला महिना, निवडलेला समुद्र आणि बोटीवरची माणसं यांचं एकमेकांशी जमत नाही. बहुतेक गट आधी बोटीचे फोटो बघतात, मग तारखा, आणि समुद्र कुठला हे 'ग्रीस' एवढ्यावर सोडून देतात. क्रम नेमका उलटा हवा.

सँटोरिनी आणि मिकोनोस एजियन समुद्रात, सायक्लेड्स बेटांमध्ये आहेत. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी वाहतो. वर निळंशार आकाश, ढगाचा ठिपकाही नाही, आणि उत्तरेकडून पंचवीस-तीस नॉटचा वारा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, साधारण १.८५ किलोमीटर). एकदा लागला की तीन-चार दिवस, कधी आठवडाभरही हटत नाही. जोराचा वारा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अंधारून आलेलं आभाळ येतं, त्यामुळे ऑगस्टमधले सायक्लेड्सचे फोटो बघून कुणाला शंकाही येत नाही. अथेन्सजवळून निघून सँटोरिनीला जाताना वारा पाठीशी असतो, मजा येते. परतताना तेच शंभराहून जास्त सागरी मैल वाऱ्याच्या तोंडावर यायचं असतं, आणि कॅटामरान वाऱ्याच्या तोंडावर जायला मुळातच नाखूश. दोन हलच्या, म्हणजे त्या दोन सांगाड्यांच्या, मधला जो सपाट तळ असतो, त्यावर खालून लाट आदळते. बॉम्ब फुटल्यासारखा आवाज होतो, कपाटातल्या ताटल्या उडतात आणि पहिल्यांदा आलेल्या माणसाला बोट फुटली असंच वाटतं. बोटीला काही होत नाही, पण आजींना तिथे सहा तास बसवणं मला पटणार नाही.

शिवाय सँटोरिनीला पोहोचलात तरी बोट ठेवणार कुठे? ते बेट म्हणजे ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखाची कड. कड्याखाली पाणी एकदम शेकडो मीटर खोल, नांगर टाकायची सोयच नाही. दक्षिणेला व्लिखाडा नावाचं छोटं बंदर आहे, त्याच्या तोंडाशी गाळ साचतो आणि हंगामात जागा मिळेलच असं नाही. सँटोरिनी बघायचंच असेल तर अथेन्सहून फेरीने जा, दोन रात्री राहा आणि परत या. बोटीचा आठवडा त्यात घालू नका.

तुमच्या गटासाठी मी आयोनियन समुद्र सुचवेन. ग्रीसच्या पश्चिमेचा, लेफकादा, मेगानिसी, इथाकी आणि केफालोनियाच्या मधला भाग. इथे उन्हाळ्यात वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. सकाळी पाणी तेलासारखं स्थिर, दुपारी एक-दोनच्या सुमारास वायव्येकडून माइस्त्रो सुरू होतो, पंधरा-वीस नॉटपर्यंत चढतो आणि सूर्य कलला की पडतो. बेटं जवळजवळ आहेत. दिवसाला दहा-पंधरा सागरी मैल म्हणजे दोन-तीन तासांचा प्रवास, बाकी वेळ पोहायला आणि हिंडायला. दोन्ही बाजूंना डोंगर असल्यामुळे लाट मोठी होत नाही. भरती-ओहोटीचा फरक वीतभर, त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यासारखं ओहोटीत बोट चिखलात बसण्याचं भय नाही. याचा अर्थ इथे हवा कधीच बिघडत नाही असा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये इयानोस नावाचं चक्रीवादळ याच बेटांवर आदळलं होतं आणि बंदरांत बांधलेल्या बोटींचंही नुकसान झालं होतं. पण अशी वादळं बहुतेक शरदाच्या तोंडावर येतात आणि त्यांचा अंदाज दोन-तीन दिवस आधी मिळतो.

आता महिना. ऑगस्ट तुम्ही लंडनच्या शाळेच्या सुट्टीमुळे धरला असणार. त्याऐवजी मे महिन्याचा शेवटचा आठवडा बघा. इंग्लंडमधल्या शाळांना तेव्हा हाफ टर्मची आठवडाभर सुट्टी असते आणि महाराष्ट्रात उन्हाळ्याची सुट्टी अजून संपलेली नसते. दोन्हीकडच्या मुलांना शाळा न बुडवता एकत्र येता येईल असे दिवस वर्षात फार थोडे, त्यातले हे. पाणी जरा गार असतं, वीस-एकवीस अंशांच्या आसपास. पहिली उडी मारताना ओरडायला होतं. पण बंदरांत जागा मिळते, टॅव्हर्नावाल्याला, म्हणजे तिथल्या खाणावळवाल्याला, तुमच्याशी बोलायला वेळ असतो आणि बोटीचं भाडं ऑगस्टच्या जवळपास निम्मं असतं. माइस्त्रो मात्र मेमध्ये ऑगस्टइतका भरवशाचा नसतो, काही दिवस इंजिनावरच जावं लागेल. आजी आणि आठ वर्षांची मुलगी बोटीवर असताना ते तुम्हाला खटकणार नाही.

मग माणसं. लगून ४२ साधारण १२.८ मीटर लांब आणि ७.७ मीटर रुंद. भाड्याच्या बोटींत बहुधा चार डबल केबिन असतात, म्हणजे आठ माणसं. पुढच्या टोकाला दोन्ही हलमध्ये एकेक अरुंद बिछाना असतो, त्याला फोरपीक म्हणतात, आणि तिथे डेकवरच्या झडपेतून उतरावं लागतं. ते धरून दहा. उरलेले दोन म्हणजे बैठकीतलं जेवणाचं टेबल खाली करून त्यावर गादी टाकायची. जाहिरातीतले १२ ते हे. तुम्ही दहा आणि स्किपर धरून अकरा. तीन जोडप्यांना तीन केबिन, चौथीत आजी आणि नात, एका फोरपीकमध्ये स्किपर, दुसऱ्यात एक मुलगा, आणि दुसरा मुलगा टेबलावर. कागदावर बसतं सगळं. पण बैठकीत झोपणाऱ्याला सगळे गप्पा संपवून उठेपर्यंत झोपता येत नाही, आणि सकाळी सहाला कुणीतरी चहा टाकायला येतंच. सामान ठेवायला जागा उरत नाही. पाण्याच्या टाक्या तेवढ्याच, अंघोळी करणारी माणसं जास्त. माझा अनुभव असा की चार केबिनच्या बोटीवर आठ माणसं आणि स्किपर असले की आठवडा छान जातो, दहा झाले की चौथ्या दिवशी कुरबुरी सुरू होतात. आणखी एक: बोटीच्या परवान्यावर कमाल माणसांचा आकडा असतो, त्यात स्किपर आणि मांडीवरचं मूलही मोजतात. बंदर पोलीस प्रवाशांची यादी तपासू शकतात, तेव्हा 'एक लहान आहे, चालून जाईल' हे तिथे चालत नाही.

त्यामुळे एक तर पाच-सहा केबिनची ४८ ते ५० फुटांची कॅटामरान बघा, किंवा माझ्या मते तुमच्यासाठी जास्त बरा मार्ग म्हणजे दोन बोटी. एक लगून ४२ किंवा त्याच मापाची फाउंटन पाजो किंवा बाली कंपनीची कॅटामरान, आणि सोबत ३८-३९ फुटांची साधी मोनोहल, म्हणजे एकाच हलची शिडाची बोट. हे का, ते तुमच्या चुलतभावाच्या प्रश्नात आहे.

डे स्किपरचं प्रमाणपत्र ग्रीसमध्ये चालतं. आयसीसी (बोट चालवण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) असेल तर त्यावर 'सेल' हा प्रकार नोंदलेला आहे ना, एवढं बघा. मर्चंट नेव्हीतल्या माणसांनाही मी हे आवर्जून सांगतो, कारण मोठं जहाज चालवण्याच्या परवान्यावर शिडाची बोट मिळेलच असं नाही. शिवाय सोबत बोट हाताळू शकणारा दुसरा माणूस लागतो आणि त्याचंही नाव कागदावर येतं. म्हणजे कायद्याने तुमचा भाऊ कॅटामरान नेऊ शकेल. पण डे स्किपरचा कोर्स जवळजवळ नेहमी मोनोहलवर होतो, आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा.

मोनोहल वारा वाढला की कलते, सुकाणू जड होतं, कपबशा घसरतात. ती स्वतःच सांगते की शीड कमी करा. कॅटामरान कलत नाही. अठरा नॉटला जशी सरळ उभी, तशीच अठ्ठावीसलाही, फक्त दोरांवरचा आणि डोलकाठीवरचा ताण वाढत गेलेला असतो आणि तो दिसत नाही. म्हणून कॅटामरानवर शीड आकडा बघून कमी करतात. बोटीच्या पुस्तिकेत तक्ता असतो, बहुधा अठरा-वीस नॉटच्या आसपास पहिला रीफ, म्हणजे शीड पहिल्यांदा आखूड करणं. गप्पांच्या नादात वाऱ्याच्या मीटरकडे दुर्लक्ष केलं तर बोट तुम्हाला आठवण करून देणार नाही.

दुसरी अडचण धक्क्याला लागण्याची. ग्रीसमध्ये बोट पाठमोरी बांधतात: पुढून नांगर टाकायचा, मागे येत येत मागची बाजू धक्क्याला लावायची. इथाकीवरचं किओनी हे छोटं बंदर घ्या. दुपारचे तीन, माइस्त्रो भरात, धक्क्यावर दोन बोटींच्या मध्ये जेमतेम नऊ मीटरचं अंतर आणि तुमची बोट पावणेआठ मीटर रुंद. धक्क्यापासून चाळीस-पन्नास मीटरवर नांगर सोडायचा. पुढे उभा असलेला माणूस साखळीवरच्या रंगीत खुणा मोजत ओरडतो, 'वीस… तीस…' स्किपर दोन्ही इंजिनांचे दांडे दोन हातांत धरून मागे येतो. एक पुढे, एक मागे केलं की कॅटामरान जागच्या जागी वळते, हे तिचं मोठं सुख. पण तिच्या उंच बाजूंवर वारा शिडासारखा बसतो आणि ती सरकायला लागते. दोन्ही बाजूंना फेंडर, म्हणजे धक्का झेलणारे फुगे, घेऊन माणसं उभी हवीत, हातपाय मध्ये घालायचे नाहीत, कारण दहा-बारा टनांची बोट हाताने थांबत नाही. वाऱ्याच्या बाजूचा दोर आधी धक्क्यावर जायला हवा. तो वेळेत गेला की सगळं शांत होतं. चुकला तर नांगर उचला, बाहेर जा, परत या. आणि सगळा धक्का कॉफी पीत तुमच्याकडे बघत असतो. यात शरम वाटून घेऊ नये, आम्हीही दुसऱ्यांदा येतो.

हे सगळं तुमच्या भावाने पहिल्याच दिवशी, स्वतःची बायको आणि काकू बोटीवर असताना करावं का? पैशांचा हिशेब बाजूला ठेवा. स्किपरला वेळ आली की ओरडून सांगावं लागतं: 'दोर सोडा, आत्ता!' मेहुण्याला किंवा सासऱ्यांना असं सांगायची हिंमत फार थोड्यांत असते, आणि ज्यांच्यात असते त्यांच्याशी दिवाळीपर्यंत कुणी बोलत नाही. शिवाय जो बोट चालवतो त्याची सुट्टी होत नाही. तो रात्री तीनला नांगर सरकला का ते बघायला उठतो.

म्हणून दोन बोटी. कॅटामरानवर भाड्याचा स्किपर, आजी, नात आणि दोन जोडपी. मोनोहल तुमच्या भावाकडे, सोबत त्याची पत्नी आणि दोन्ही मुलं. त्या वयाच्या मुलांना कॅटामरानपेक्षा कलणारी बोट आवडते, आणि भावाने जे शिकलं आहे ते त्याच प्रकारच्या बोटीवर वापरता येतं. कॅटामरान आधी जाऊन नांगर टाकेल, मोनोहल मागून येऊन तिच्या शेजारी लागेल. भावाला अडचण आली तर स्किपर डिंगी, म्हणजे बोटीसोबतची छोटी होडी, घेऊन दोन मिनिटांत पोहोचतो. मात्र हे काम स्किपरच्या करारात आधीच सांगा, गृहीत धरू नका. भावाच्या बोटीवर लागणारा तो दुसरा जाणता माणूस कोण, हेही बुकिंगआधीच ठरवा. मेमध्ये ३८ फुटी मोनोहलचं भाडं साधारण दीड-दोन हजार युरो असतं, म्हणजे दोन बोटी मिळून खर्च एका ५० फुटी कॅटामरानच्या आसपासच राहतो, बहुधा कमीच.

मार्ग ढोबळमानाने असा धरा. लेफकादाच्या मरीनातून शनिवारी संध्याकाळी निघायची घाई करू नका, रविवारी सकाळी कालव्यातून दक्षिणेला. पहिली रात्र मेगानिसी, तिथल्या खाड्या म्हणजे हाताच्या बोटांसारख्या आत शिरलेल्या आणि चहूबाजूंनी झाकलेल्या. मग केफालोनियाच्या उत्तर टोकाचं फिस्कार्डो. १९५३ च्या भूकंपात केफालोनियातली बहुतेक गावं जमीनदोस्त झाली, फिस्कार्डो वाचलं, म्हणून तिथली जुनी रंगीत घरं अजून उभी आहेत. धक्का दुपारीच भरतो. समोरच्या बाजूला खडकांना दोर बांधून राहता येतं: नांगर टाकायचा आणि एकाने दोराचं टोक घेऊन पोहत किनाऱ्याला जायचं. हे काम मुलांना द्या, त्यावरून भांडतील. पुढे इथाकीचं किओनी किंवा वाथी, मग पूर्वेला कास्तोस आणि कालामोस. कालामोसच्या दक्षिणेला पोर्तो लिओने नावाचं गाव आहे, भूकंपानंतर ओस पडलेलं. घरांच्या भिंती उभ्या, आत झाडं. तिथे रात्री दुसरा दिवा दिसत नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत परत. एक दिवस मोकळा ठेवा, कारण एखाद्या खाडीत सगळ्यांना अजून राहावंसं वाटतंच.

आजींसाठी एक गोष्ट खास विचारा. बोटीवरून धक्क्यावर जायला फळी टाकतात. ती बहुधा हातभर रुंद, कठडा नसलेली आणि हलती असते. कॅटामरानला मागे पायऱ्या असतात, धक्का बुटका असेल तर फळीची गरज लागत नाही. उंच असेल तर कठड्याचा दोर आणि दोन बाजूंना दोन माणसं लागतात. आजींची केबिन मागची घ्या. पुढच्या केबिनमध्ये लाटांचे धक्के जास्त. मागच्या केबिनजवळ इंजिन असतं, पण रात्री ते बंदच. आठ वर्षांच्या मुलीच्या मापाचं लाइफजॅकेट बुकिंग करतानाच वजनासकट लिहून मागा. तिथे गेल्यावर मोठ्यांचंच पुढे केलं जातं.

पाण्याबद्दल आपल्या लोकांना समजावणं मला सगळ्यात कठीण जातं. बोटीवर काहीशे लिटर पाणी असतं. सकाळी सगळ्यांनी घरासारखी अंघोळ केली तर दोन दिवसांत टाकी खडखडते आणि पाणी भरायला बंदर शोधावं लागतं. रीत अशी: समुद्रात पोहा, मागच्या पायरीवरच्या शॉवरने दोन मिनिटं अंगावर पाणी घ्या, झालं. पाणी गोडं करायचं यंत्र असलेली बोट मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. संडासात कागदही टाकायचा नाही, तो शेजारच्या डब्यात. नळ्या इतक्या बारीक की एकदा तुंबली की उरलेला आठवडा चर्चा त्याच विषयावर. आपल्याला सोयीचं म्हणजे प्रत्येक न्हाणीघरात हाताने ओढायचा शॉवर असतो, त्यामुळे कागदाचा प्रश्न आपल्याकडे फारसा येतच नाही. वीज बॅटरीवर. फोन चार्ज होतात. विजेची किटली, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र हे फक्त धक्क्यावरच्या विजेवर किंवा जनरेटरवर.

खाण्याची काळजी करू नका. गॅसच्या शेगडीवर कुकर मजेत शिट्ट्या देतो, तीन लिटरचा घेऊन या. तांदूळ, मसूर, छोले, वांगी, भेंडी, टोमॅटो, पालक हे सगळं लेफकादाच्या दुकानांत मिळतं. भारतातून येताना मसाले, पोहे, चटण्या, मेतकूट आणा. तूप, पेढे, पनीर असलं दुधाचं काही आणू नका, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. टॅव्हर्नात शाकाहारी माणसाने 'निस्तीसिमो' आहे का असं विचारावं, म्हणजे त्यांच्या उपासाचं जेवण, मांस-दूध-अंडी नसलेलं. पण त्यांच्या उपासाला कोळंबी आणि माकूळ चालतं, तेवढं आधीच सांगा. भरलेले टोमॅटो-ढोबळी मिरची, मोठ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ, फावा नावाचं घट्ट वरण… आजींना परकं वाटणार नाही.

बोट लागण्यावर अव्होमिन किंवा स्टुजेरॉन बहुतेकांना माहीत असतं. डॉक्टरांना विचारून घ्या, आजींच्या बाबतीत तर विचारल्याशिवाय नकोच, आणि गोळी निघण्याआधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. अशा वेळी केबिनमध्ये जाऊन पडू नये, बाहेर बसून क्षितिजाकडे बघावं. सुकाणू हातात दिलं की निम्म्या लोकांची मळमळ जाते.

पैशांचं मोजकं. मेअखेरीस लगून ४२ साधारण साडेतीन ते पाच हजार युरो, बोट किती जुनी त्यावर. स्किपर दिवसाला दोनशे युरोच्या आसपास, त्याचं जेवण तुमच्याकडे. भाड्यावर साफसफाई, चादरी, डिंगीचं इंजिन, गॅस असे सक्तीचे आकार असतात. भाव ठरवताना ते धरूनच आकडा मागा, कारण स्वस्त दिसणारी बोट इथेच महाग होते. डिझेल वापराल तेवढं. बंदरांचे धक्के लहान बेटांवर स्वस्त, मरीना महाग. किराणा आणि डिझेलसाठी पहिल्याच दिवशी एक समाईक डबा करा, आणि बोटीचं भाडं डोक्यावर न वाटता केबिनवर वाटा. फोरपीकमध्ये झोपणाऱ्याकडून डबल केबिनएवढे पैसे घेतले तर तो बोलणार नाही, पण लक्षात ठेवेल.

अनामत रक्कम वेगळी, कॅटामरानला तीन ते पाच हजार युरोही असते. ती बहुधा क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. म्हणजे तीन-पाच लाख रुपयांची मर्यादा आणि परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड हवं. फॉरेक्स कार्ड बऱ्याच ठिकाणी यासाठी घेत नाहीत. काही पैसे परत न मिळण्याच्या अटीवर भरून अनामत कमी करता येते. पहिल्यांदा जाताय तर घ्या, पण डिंगी आणि तिचं इंजिन त्यात धरलंय का ते वाचा. सर्वात जास्त नुकसान त्यांचंच होतं.

बुकिंगला बहुधा निम्मे पैसे, उरलेले निघण्याच्या महिनाभर आधी. पहिला हप्ता परत मिळत नाही, आणि व्हिसा मिळण्याआधीच तो द्यावा लागतो, म्हणून रद्द झाल्याचा विमा घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्या प्रत्येकाला शेंगेन व्हिसा लागतो, लंडनच्या मंडळींचे पासपोर्ट अजून भारतीय असतील तर त्यांनाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. राहण्याचा पुरावा म्हणून बोटीचा करार आणि सगळ्यांची नावं पासपोर्ट क्रमांकासह असलेली यादी जोडा. बोटीवर राहणार म्हणजे हॉटेलचं बुकिंग नाही, याचं कारण अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळींत लिहा.

बोट ताब्यात घेताना दोन तास द्या, मुलांना आइस्क्रीम खायला पाठवा. नांगराची मोटर स्वतः चालवून बघा आणि तिचा ब्रेकर कुठे आहे ते विचारा, ऐन वेळी तोच पडतो. दोन्ही इंजिनं, दोन्ही हलमधलं साठलेलं पाणी, संडास एकेक दाबून. आधीचे ओरखडे फोटोत घ्या आणि यादीत लिहून घ्या. चष्मा लावून पाण्याखाली सुकाणूची पाती आणि पंखे बघा, कारण परत देताना त्यांचा पाणबुडा तेच बघणार आहे. शुक्रवारी संध्याकाळी डिझेल भरून मरीनात यायचं असतं आणि पंपावर पाचनंतर रांग लागते, म्हणून तीनपर्यंत या. शनिवारी सकाळी नऊला बोट रिकामी करायची असते. लंडनची मंडळी जवळच्या प्रेवेझा विमानतळावरून जातील, तुम्हाला अथेन्सपर्यंत रस्त्याने चार-साडेचार तास धरा. शनिवारी दुपारचं विमान घेऊ नका.

सुटकेस नको, कापडी पिशव्या. टणक बॅग ठेवायला बोटीवर कोपरा नसतो.

दोन-तीन बोटींचे दर आले की बांधणीचं साल, आकारांसकट एकूण रक्कम आणि अनामत कळवा. त्यावर नेमकं सांगता येईल.